पुस्तोडे, मुंगुसमारे, कापगते : साकोली मुलखातील विरळ आडनावांच्या प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्याच्या जुन्या साकोली तहसिलीच्या मुलखात, ज्या आडनावांविषयी कोणास फारसे कुतूहल वाटत नाही, तीच आडनावे नागपूर ओलांडून पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत पोहोचली म्हणजे तेथील कारकून ती दोनदा विचारून घेतो आणि एवढे करूनही एखादे अक्षर चुकवितो. पुस्तोडे, मुंगुसमारे, हांडीफोडे, कापगते, डोंगरवार ही त्यांपैकी काही. या आडनावांसंबंधी तीन प्रश्न परंपरेने विचारले जातात : ती आली कोठून, ती धारण करणारी माणसे किती, आणि ती माणसे कोणत्या गावांत व कोणत्या समाजांत वसलेली आहेत. पहिला प्रश्न भाषाशास्त्रज्ञाचा, दुसरा गणकाचा आणि तिसरा समाजशास्त्रज्ञाचा, अशी वाटणी करून प्रत्येकाने आपापले उत्तर निराळे शोधावे, असा आजवरचा प्रघात आहे.

ही वाटणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. एखादे आडनाव एकाच घराण्यात एकदाच जन्मले, की निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या कारणांनी अनेकदा जन्मले, हे ठरल्यावाचून त्याच्या धारकांच्या संख्येला काही अर्थ प्राप्त होत नाही; आणि ती माणसे कोठे कोठे वसली आहेत हे पाहिल्यावाचून जन्म एकदा झाला की अनेकदा, याचा निर्णय होत नाही. प्रस्तुत आढाव्यात हे तिन्ही प्रश्न क्रमाने घेतले असले तरी त्यांचा हा परस्परसंबंध सतत ध्यानात ठेवला आहे. विवेचनाचा मध्य कोहळी या समाजाच्या आडनावांवर ठेवला आहे, कारण या मुलखातील विरळ आडनावांची एक जुनी छापील यादी याच समाजाच्या संदर्भात उपलब्ध आहे.

२. मुलूख, तळी आणि माणसे

इंग्रजी अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या ज्या तीन तहसिली होत्या, त्यांत साकोली ही एक होती, आणि तिचा विस्तार आजच्या साकोली तालुक्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. लाखनी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी या आजच्या तालुक्यांचा मोठा भाग त्या जुन्या तहसिलीत मोडत असे. १९९९ साली १ मे रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा यांतील दोन तालुके तिकडे गेले, आणि एकाच भाऊबंदकीतील घरे कागदोपत्री दोन जिल्ह्यांत विभागली गेली. आडनावांचा जिल्हावार विचार करणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालत नाही. ‘भंडाऱ्यातील’ आणि ‘गोंदियातील’ म्हणून ज्या दोन संख्या मांडल्या जातात, त्या बहुधा एकाच वस्तीचे दोन तुकडे असतात.

हा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. चुलबंद नदीच्या आसपास, टेकड्यांच्या बेचक्यांत पाळ घालून पाणी अडविण्याची जी विद्या येथे परिणत झाली, तिचे श्रेय प्रामुख्याने कोहळ्यांना दिले जाते. नवेगाव, सिरेगाव आणि शिवणी येथील बांध या विद्येची ठळक उदाहरणे होत. नवेगावचे तळे अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधले अशी परंपरा असून, तळ्याभोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनी बांध घालण्याच्या कामी त्यास साहाय्य केले अशी कथा आहे, आणि खुद्द कोलू पाटील कोलासूर या नावाने देवत्वास पोहोचून त्यांपैकी एका टेकडीवर त्याचे ठाणे झाले. चांद्याच्या गोंड राजांनी तळे बांधणाऱ्यास त्या तळ्याखाली भिजणारी जमीन देऊन उत्तेजन दिल्याची आठवणही या प्रदेशात टिकून आहे. पुढे मालगुजारीच्या अमलात ही तळी मालगुजारांकडे राहिली, आणि १९५१ साली मध्य प्रदेश शासनाने मालकी हक्क रद्द केल्यावर ती सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा’, तलाव बनली.

या इतिहासाचा आडनावांशी संबंध थेट आहे. तळे बांधणारे घराणे तळ्यापासून सहसा हलत नाही. पाळीची डागडुजी, पाण्याची पाळी, उसाचे आणि धानाचे वाफे यांत पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेली माणसे एकाच गावी राहतात, आणि त्यांचे आडनावही त्या गावाच्या शिवेत राहते. बाहेरच्या जगास ते विरळ वाटते याचे पहिले कारण हे स्थैर्य होय.

३. समाजाच्या उगमाविषयीचे पक्ष

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात कोहळ्यांवर स्वतंत्र टिपण आहे. १९११ च्या खानेसुमारीच्या आधारे त्यांची संख्या सुमारे २६,००० दिली असून ते मुख्यत्वे भंडारा व चांदा या जिल्ह्यांत आढळतात असे म्हटले आहे. उगमाविषयीच्या आजवरच्या चर्चेत जे पक्ष मांडले जातात, त्या बहुतेकांचे बीज याच टिपणात सापडते.

पहिला पक्ष समाजाच्या स्वतःच्या परंपरेचा. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना या लोकांस आपल्याबरोबर घेऊन आला, अशी ही परंपरा आहे. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वस्ती लांजी येथे, म्हणजे आजच्या बालाघाट जिल्ह्यात, झाल्याचे सांगत. उत्तर हिंदुस्थानातील कोइरी या भाजीपाला पिकविणाऱ्या जातीच्या नावाशी कोहळी या नावाचे असलेले साम्य याच पक्षास पूरक म्हणून पुढे केले जाते. साकोली परिसरात आढळणारे ‘काशीवार’ हे आडनाव आणि भंडारा जिल्ह्यात सर्वत्र ऐकू येणारे ‘लांजेवार’ हे आडनाव पाहिले म्हणजे या परंपरेस नामरूप साक्ष मिळाल्याचा भास होतो.

दुसरा पक्ष दक्षिणेचा. चांद्याचे बंदोबस्त अधिकारी ल्यूसी स्मिथ यांनी, कोहळी आपले पूर्वज दक्षिणेकडून आल्याचे मानतात, असे नमूद केले होते. डोके बांधण्याची त्यांची रीत तेलंगणाकडील तेल्यांच्या रीतीशी जुळते, हाही आधार देण्यात आला. आडनावांच्या अंगाने पाहता ‘वार’ हा अंत्यावयव या पक्षास जवळचा वाटतो, कारण चंद्रपूर, गडचिरोली आणि नांदेड या तेलुगू भाषेच्या सीमेवरील जिल्ह्यांत वडेट्टीवार, मुनगंटीवार यांसारखी आडनावे विपुल आहेत आणि तेलुगूतील ‘वारु’ या आदरार्थी प्रत्ययाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

तिसरा पक्ष, ज्याकडे रसेल-हिरालाल यांचा स्वतःचा कल आहे, तो पश्चिमेकडचा. कोहळ्यांची भाषा, चालीरीती आणि कुळांची नावे ही सर्व मराठी वळणाची असून कुणब्यांशी निकट साम्य दाखवितात; उत्तरेकडून आलेल्या जाती मराठी मुलखात शतकानुशतके राहूनही आपली मूळची ओळख पूर्णपणे सोडीत नाहीत; आणि म्हणून कोहळी हे मुंबई इलाख्यातील कोळ्यांची शाखा असण्याचा संभव अधिक, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादाची कसोटी याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. पोवार समाज येथे कित्येक पिढ्या नांदूनही घरात पोवारी बोलतो, आणि बिसेन, रहांगडाले, पटले, टेंभरे, कटरे ही त्याची आडनावे कुणबी आडनावांत मिसळून गेलेली नाहीत. कोहळ्यांविषयी असे काही दाखविता येत नाही.

तिन्ही पक्षांचे बळ आणि मर्यादा नीट तोलल्या असता असे दिसते की, प्रत्येक पक्ष आडनावांची साक्ष काढतो, पण त्या साक्षीचे वय कोणीच निश्चित करीत नाही. कुळांची नावे मराठी आहेत यावरून ती नावे मराठी बोलणाऱ्या लोकांत पडली एवढेच सिद्ध होते. नावे पडण्यापूर्वी ते लोक कोठे होते याविषयी ती नावे मूक राहतात. स्थलांतर करून आलेला समाज दोन-चार पिढ्यांत भाषा बदलतो आणि त्यानंतर पडलेली टोपणनावे स्वाभाविकपणेच नव्या भाषेत पडतात. उलट पक्षी, ‘वार’ या प्रत्ययावरून दक्षिणेचा निष्कर्ष काढणाऱ्यास लांजेवार या उदाहरणाचा विचार करावा लागतो, कारण येथे लांजी हे ठिकाण उत्तरेस असून ‘वार’ हा प्रत्यय केवळ ‘त्या ठिकाणचा’ एवढ्याच अर्थाने, पश्चिम महाराष्ट्रातील ‘कर’ प्रमाणे, लागलेला दिसतो. प्रत्यय दक्षिणेकडून आला म्हणून तो धारण करणारा माणूसही दक्षिणेकडून आला, असे होत नाही. काशीवार या नावाबाबतही हीच सावधगिरी हवी. काशी हे तीर्थ आहे तसेच ते खेडोपाडी माणसांचे व्यक्तिनामही आहे.

कोइरी आणि कोहळी या नामसादृश्याबाबत एक स्थानिक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. या मुलखाच्या झाडीबोलीत ‘ळ’ हा वर्ण नाही. त्याच्या जागी बहुधा ‘र’ येतो, काळा हा ‘कारा’ आणि डोळा हा ‘डोरा’ होतो. या बोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीस राहून तिच्या अभ्यासाची जी चळवळ उभी केली, तिच्यामुळे असे ध्वनिनियम आज सर्वांस उपलब्ध झाले आहेत. या नियमाने ‘कोहळी’चा उच्चार ‘कोहरी’कडे झुकणे स्वाभाविक ठरते, आणि मग कोइरी या नावाच्या उत्तरेकडील ‘कोहिरी’ या रूपाशी त्याचे दिसणारे साम्य वंशाचे न राहता निव्वळ उच्चाराचेही असू शकते. या साम्यावर ज्यांनी भर दिला त्यांनी हा विकल्प तपासलेला नाही.

४. नावांचे अर्थ

रसेल-हिरालाल यांनी दिलेल्या कुळनामांच्या यादीत हांडीफोडे, सहारे, नागपुरे, शेंडे, परवते, हटवाडे, मुंगुसमारे आणि पुस्तोडे ही नावे अर्थांसह येतात. हांडीफोडे म्हणजे हांडी फोडणारा, मुंगुसमारे म्हणजे मुंगूस मारणारा, पुस्तोडे म्हणजे बैलाचे शेपूट तोडणारा, हटवाडे म्हणजे हट्टी, आणि नागपुरे म्हणजे नागपूरचा. या यादीकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आहेत.

पहिली दृष्टी टोपणनावाची. मूळ पुरुषाच्या हातून घडलेली एखादी गोष्ट, बहुधा थट्टेचा विषय झालेली, त्याला चिकटली आणि नातवंडा-पतवंडांपर्यंत टिकली. पुस्तोडे या नावाचा विचार जवळून केल्यास ही उपपत्ती किती स्वाभाविक आहे ते दिसते. पूस म्हणजे शेपूट. धानाच्या बांधीत चिखलणी चालू असता, गुडघाभर गाळात रुतलेला बैल पुढे सरेनासा झाला म्हणजे हाकणारा तुतारी बाजूस टाकून त्याचे शेपूट पिरगाळतो. हे करताना जोर अधिक झाला तर शेपटाचा मणका मोडतो आणि त्या बैलाचे शेपूट पुढे जन्मभर वाकडे राहते. असा बैल बाजारात गेला की गिऱ्हाईक प्रथम ते शेपूटच पाहते. ज्या शेतकऱ्याने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बैलाची ही गत केली, त्यास गावाने दिलेले नाव पुसले जाण्याचे कारण नाही. वाघमारे, डोईफोडे, बैलमारे या महाराष्ट्रभर आढळणाऱ्या आडनावांची घडणही अशीच, नाम आणि धातू यांच्या जोडीची आहे. त्यामुळे साकोलीकडील नावे रचनेच्या दृष्टीने एकाकी नाहीत, फक्त त्यांतील वस्तू येथल्या शेतीच्या आहेत.

दुसरी दृष्टी देवकाची. मध्य प्रांतातील अनेक समाजांत कुळाचे नाव एखाद्या प्राण्यावरून वा वनस्पतीवरून पडलेले असून त्या प्राण्यास मारणे त्या कुळास निषिद्ध असते. या दृष्टीने मुंगुसमारे हे नाव मुंगुसाशी असलेल्या जुन्या कुलसंबंधाचे, पुढे अर्थ विसरल्यावर उलटे वळण लागलेले, रूप मानता येईल. ही उपपत्ती आकर्षक आहे, परंतु तिला आधार म्हणून त्या कुळात मुंगुसाविषयी काही विधिनिषेध पाळला जातो काय, हे पाहावे लागेल. निव्वळ नावात प्राणी आला म्हणून देवक सिद्ध होत नाही.

तिसरी दृष्टी स्थलनामांची, आणि ती यादीतील इतर नावांच्या अर्थांवर प्रश्नचिन्ह उभे करते. नागपुरे, रामटेके यांसारख्या नावांवरून या भागात गावाच्या नावास ‘ए’कार जोडून आडनाव करण्याची रीत स्पष्ट दिसते. मग हटवाडे हे नाव हट्टावरून आले असे मानण्याऐवजी ‘वाडा’ शब्दाने संपणाऱ्या एखाद्या ठिकाणावरून का येऊ नये? तसेच शेंडे या नावाचा संबंध सदर ग्रंथात शेणाशी जोडला आहे, तो मराठी वाचकास सहजासहजी पटणारा नाही. शेंडा किंवा शेंडी यांवरून ते नाव आल्याची उपपत्ती अधिक सरळ आहे. हे अर्थ बहुधा माहीतगारांनी विचारल्यासरशी सांगितलेले असावेत, आणि आडनावांच्या बाबतीत विचारल्यासरशी मिळालेला अर्थ हा पुष्कळदा नावाच्या जन्मानंतर फार उशिराने जुळविलेला असतो. म्हणून यादी प्रमाण मानावी, पण तिच्यातील अर्थ तपासावे, ही भूमिका आज रास्त ठरते. ब्राह्मणकर, परशुरामकर यांसारख्या ‘कर’कारान्त नावांसही हेच लागू आहे; ‘कर’ आले म्हणजे मागे गाव असलेच पाहिजे हा नियम या मुलखात तंतोतंत चालत नाही.

५. दफ्तरातील आडनाव

आडनाव लोकांच्या तोंडी असणे आणि ते सरकारी कागदावर चढणे यांत बराच काळ जातो. मध्य प्रांताच्या बंदोबस्ताच्या मिसलींत रयतेची नोंद सामान्यतः स्वतःचे नाव, ‘वल्द’ म्हणून बापाचे नाव, जात आणि साकिन या क्रमाने होई. माणूस ओळखण्यास जात आणि मौजा पुरेसा असल्याने आडनावाची जागा तेथे पुष्कळदा रिकामीच असे. एकाच मौजात एकाच नावाचे, एकाच बापनावाचे दोन इसम निघाले तरच टोपणनाव किंवा कुळनाव मदतीस येई. कोतवाल पंजीतील जन्ममृत्यूच्या नोंदींचा प्रकारही बव्हंशी असाच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र मुलाचे संपूर्ण नाव लिहिण्याची गरज निर्माण झाली, आणि १९५४–५५ च्या अधिकार अभिलेखात व त्यानंतरच्या सात-बाऱ्यात आडनाव हळूहळू स्थिरावले.

या क्रमाचे दोन परिणाम झाले. एक असा की, एखाद्या आडनावाचा सर्वांत जुना लेखी पुरावा सापडत नाही म्हणून ते आडनाव अर्वाचीन, असे म्हणता येत नाही. पुस्तोडे आणि मुंगुसमारे ही नावे १९१६ साली छापली गेली तेव्हा ती कितीतरी पिढ्या वापरात असली पाहिजेत. दुसरा परिणाम लेखनाचा. जिल्हा १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचा कारभार असलेल्या प्रांतात होता; हिंदी वळणाच्या लेखनिकाने ‘ळ’चा ‘ल’ करावा आणि ‘ण’चा ‘न’ करावा हे नित्याचे होते, आणि ‘ण’च्या बाबतीत झाडीबोलीच्या उच्चाराचीही त्यास साथ होती. त्यामुळे गहाणे आणि गहाने, पुस्तोडे आणि पुसतोडे, अशी जोडरूपे एकाच भावकीत आढळू शकतात. हे भेद वंशभेद समजणे चूक, आणि ते नजरेआड करणे ही गणकाची अडचण.

६. संख्या किती?

भारताच्या जनगणनेत आडनावांचे कोष्टक केले जात नाही. जातवार मोजणी १९३१ साली शेवटची सविस्तर प्रसिद्ध झाली, पण आडनावांची तीही नव्हती. त्यामुळे अमुक आडनावाचे इतके लोक आहेत असे जे आकडे छापलेले दिसतात, ते मतदार याद्या, दूरध्वनी नोंदी किंवा तत्सम अपुऱ्या साधनांवरून केलेले अनुमान असतात. मतदार यादी हे त्यांतल्या त्यात चांगले साधन, कारण ती देवनागरीत मिळते आणि बापाचे वा पतीचे नाव देते. परंतु अठरा वर्षांखालील कोणीही तीत नसतो, आणि स्थलांतरित माणसाचे नाव दोन ठिकाणी किंवा कोठेच नसण्याचा संभव असतो.

रोमन लिपीतील संचांवरून केलेली मोजणी याहून कमी भरवशाची, कारण त्या लिपीत ‘ट’ आणि ‘त’, ‘ड’ आणि ‘द’ यांना एकच अक्षर पडते. कापगते हे नाव तेथे कपगटेही वाचता येते. समाजाच्या नावाचीही तीच गत. रोमन लिपीत कोहळी आणि पंजाबातील खत्र्यांचे कोहली हे आडनाव एकरूप होतात, आणि थोडा ढिलेपणा झाला की कोळीही त्यांतच येऊन बसतात. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हा वरील उगमचर्चेतलाच प्रश्न असताना, यंत्राने तो संबंध गृहीत धरून आकडे काढावेत हे विचित्र आहे.

मोजणीची दुसरी, सोपी पण उपयुक्त पद्धत हेन्री गप्पी याने १८९० साली इंग्लंडात वापरली. त्याने शहरे वगळली आणि परगणावार फक्त शेतकऱ्यांची नावे घेतली, कारण शेतकरी जागा सोडीत नाही. आणि प्रत्येक नाव दर दहा हजारांत किती, हे काढून ज्या नावाचे घर जेथे दाट तेथे त्याचा उगम मानला. साकोलीच्या मुलखास ही पद्धत जणू मापून शिवल्यासारखी बसते. सात-बाऱ्यावरील खातेदारांची मौजेवार यादी घेतली तर विरळ आडनावांचा दाट भाग नकाशावर उमटेल, आणि एकच दाट भाग निघाला तर नाव एकदा जन्मले, अनेक निघाले तर अनेकदा, असे निदान प्रथमदर्शनी म्हणता येईल.

या कसोटीने यादीतील नावांचे दोन वर्ग पडण्याची अपेक्षा आहे. शेंडे, नागपुरे, सहारे ही नावे निरनिराळ्या जातींत आणि धर्मांत आढळतात. शेंडे तर विदर्भापासून कोकणापर्यंत आहेत. ही नावे वारंवार जन्मलेली आहेत आणि त्यांची एकत्र संख्या कोणत्याही एका घराण्याविषयी काही सांगत नाही. पुस्तोडे, मुंगुसमारे, हांडीफोडे यांसारखी नावे मात्र इतकी विशिष्ट आहेत की ती थोड्याच, कदाचित एकेकाच, मूळ पुरुषापासून निघाली असावीत. अशा नावाच्या संख्येलाच घराण्याच्या वाढीचे माप म्हणता येईल.

ही वाढ एकसारखी का होत नाही याचे गणित फ्रान्सिस गॉल्टन आणि वॉटसन यांनी १८७० च्या दशकात मांडले. आडनाव मुलग्यांकरवी पुढे जाते. ज्या पिढीत मुलगे झाले नाहीत किंवा जगले नाहीत तेथे ते थांबते. आणि आरंभी सारखीच घरे असलेली अनेक कुळे घेतली तरी काही पिढ्यांत पुष्कळ नष्ट होऊन उरलेल्यांपैकी थोडी फार फुगतात, यासाठी वेगळे कारण लागत नाही. १९११ चे २६,००० कोहळी जर उदाहरणादाखल शंभर कुळांत समान वाटले तर एकेका कुळास २६० माणसे येतात. प्रत्यक्षात वाटणी समान असणे हेच असंभाव्य. म्हणून आज कापगते पुष्कळ आणि हांडीफोडे थोडे दिसले तर त्यात प्रतिष्ठेचा वा संपत्तीचा हात असलाच पाहिजे असे नाही.

७. वस्ती आणि प्रसार

विरळ आडनावे साकोलीत विरळ नाहीत. साकोली विधानसभा मतदारसंघातून गेल्या काही दशकांत निवडून गेलेल्या प्रतिनिधींची आडनावे पाहिली तर कापगते, काशीवार, वाघाये, पटोले अशी, महाराष्ट्राच्या इतर भागांत क्वचित ऐकू येणारी किंवा मर्यादित पट्ट्यातलीच नावे दिसतात. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. राज्याच्या अकरा कोटींवर लोकसंख्येच्या तुलनेत ती शेकडा एकाच्या आसपास पडते. जिल्ह्याच्या एका तालुक्यात घरोघरी असलेले नावही राज्याच्या पटावर लुप्तप्राय दिसावे, हे या प्रमाणावरूनच उघड आहे. विरळपणा हा मोजणाऱ्याने कोठवर सीमा आखली त्यावर अवलंबून राहतो.

विवाहाच्या रीतीचा प्रसारावर मोठा परिणाम होतो. समान आडनावांच्या विवाहांवरून समाजातील रक्तसंबंधांचा अंदाज करण्याची जी पद्धत जॉर्ज डार्विन याने १८७५ साली इंग्लंडात सुचविली, ती येथे जशीच्या तशी चालत नाही, कारण एका कुळात विवाह निषिद्ध असल्यामुळे असे विवाह शून्याच्या जवळ येतात. जात एक आणि कुळ वेगळे, या दुहेरी नियमामुळे आडनाव पुरुषांच्या ठायी एका गावी राहते आणि मुली आसपासच्या गावांत जातात. म्हणून पुरुषांच्या यादीवरून काढलेला नकाशा आणि स्त्रियांच्या माहेरच्या नावांवरून काढलेला नकाशा यांत मोठे अंतर असेल. दुसरा नकाशा आजवर कोणी काढलेला नाही, कारण दफ्तरात माहेरचे नाव उरत नाही. घरजावई आणि दत्तक यांमुळे आडनाव आणि रक्त यांची फारकत होते तीही याच नोंदींत लपून राहते.

बाहेर जाण्याच्या वाटा तीन. नागपूरहून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोलीतूनच जातो, आणि गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरील सौंदड हे स्थानक जवळच आहे. त्यामुळे नागपूर आणि भिलाई-रायपूर या दोन्ही दिशांना नोकरीसाठी गेलेली कुटुंबे सापडतात. शिक्षणाने पुणे-मुंबई व परदेश ही तिसरी वाट उघडली. या प्रवासात आणखी एक गोष्ट घडते. गावात ज्या आडनावाचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही, तो अर्थ शहरात उघड होतो. शाळेत थट्टा होते, आणि राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलण्याकडे किंवा गावाच्या नावास ‘कर’ जोडून नवे घेण्याकडे काहींचा कल होतो. टोपणनावांवरून आलेली आडनावे गळतीस लागण्याचे हे कारण गॉल्टनच्या गणितात नाही, पण येथे दुर्लक्षिता येणार नाही.

८. काय अनिर्णीत आहे

भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेने १९८५ साली हाती घेतलेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्पात ४,६३५ समुदायांचा अभ्यास झाला आणि आडनावांची संकलित सूची १९९६ साली प्रसिद्ध झाली. तीमुळे कोणते आडनाव कोणत्या समाजात आढळते हे देशपातळीवर एकत्र पाहण्याची सोय झाली. पण एखादे आडनाव कोणत्या मौजात, किती घरांत आणि केव्हापासून, या प्रश्नांना ती सूची हात घालीत नाही, आणि तसा तिचा हेतूही नाही.

वरील आढाव्यावरून निश्चित म्हणता येते ते एवढे : कोहळी कुळनामांपैकी मोठा भाग मराठी घडणीचा आहे, त्यांतील काही नावे टोपणनावांच्या स्वरूपाची आणि बहुधा एकेका घराण्यातून निघालेली आहेत, आणि या नावांची आजची विरळता प्रामुख्याने त्यांच्या भौगोलिक एकवटलेपणामुळे दिसते. अनिर्णीत राहतात ते तीन मुद्दे. कुळनामे समाज या मुलखात येण्यापूर्वीची की नंतरची. मुंगुसमारे यांसारख्या नावांमागे देवक आहे की थट्टा. आणि ‘वार’ हा प्रत्यय येथे तेलुगूच्या संपर्काने आला की वैनगंगेच्या खोऱ्यात तो स्वतंत्रपणे स्थलवाचक झाला.

यांपैकी पहिला मुद्दा आडनावांच्या अभ्यासाने कधीच सुटणार नाही, कारण नावे ज्या काळाविषयी मूक आहेत त्या काळाविषयी त्यांना बोलते करता येत नाही. त्यासाठी इतर पुरावा लागेल. तिसरा मुद्दा बोलीच्या अभ्यासकांचा आहे. दुसरा मात्र साकोलीतल्या साकोलीत सुटण्याजोगा आहे : बंदोबस्ताच्या मिसली, कोतवाल पंज्या आणि शाळांची जुनी रजिस्टरे मौजेवार एकत्र वाचावीत, त्यांस खातेदारांच्या आजच्या यादीची जोड द्यावी, आणि प्रत्येक कुळातील वडीलधाऱ्यांकडून नावाच्या अर्थापेक्षा त्या कुळाचे विधिनिषेध आणि मूळ गाव यांची माहिती घ्यावी. हे काम एका तालुक्याच्या मर्यादेत, एका मंडळाच्या चिकाटीने होऊ शकते, आणि ते झाल्यावरच संख्येचे आकडे मांडण्यात अर्थ राहील.